रुप्याची झरणी

आपल्या घरांतून चांदीला जागा नेमून दिलेल्या असतात. देव्हाऱ्यांत निरांजन, सणाच्या पंक्तीला ताट-वाटी, हळदीकुंकवाच्या वेळीं अत्तरदाणी व गुलाबदाणी, बाळाच्या पायांत वाळे, आणि उरलेली सर्व चांदी जुन्या लुगड्यांत गुंडाळून कपाटाच्या तळाशीं. लिहिण्याच्या मेजावर चांदी असावी अशी रीत आपल्याकडे नाहीं. लक्ष्मी आणि सरस्वती एका घरीं फार दिवस नांदत नाहींत असें म्हणण्याचा प्रघात असल्यामुळें, जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाच्या खिशाला चांदीचें पेन दिसलें कीं पाहणाऱ्याच्या भुंवया किंचित् वर जातातच. आमच्या खिशाला असें एक पेन गेलीं कांहीं वर्षें आहे, आणि "गुरुजी, हें चांदीचें कशाला?" हा प्रश्न आम्हांस नांदेडच्या वजिराबादेंत आणि लातूरच्या गंजगोलाईंत सारख्याच अगत्यानें विचारण्यांत आलेला आहे. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नाहीं; म्हणून हा लेख.

प्रथम तें पेन आमच्याकडे कसें आलें तें सांगितलें पाहिजे. आमचे वडील, ज्यांना आम्ही सर्व भावंडें नाना म्हणत असूं, ते नांदेडास शिक्षक होते. आम्ही स्वतः मॅट्रिक होऊन पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि सारी नोकरी लातुरांत मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत घालविली. २०१७ सालीं निवृत्त होऊन नांदेडच्या जुन्या घरीं परत आलों. धाकटे बंधु मात्र लातुरासच स्थायिक झाले आहेत. मातोश्री निवर्तल्यानंतर, २०१८ सालीं, घरांतील चांदीची वाटणी करावयाचें ठरलें. भांडण कसलेंच नव्हतें. परंतु चांदी म्हटली म्हणजे तराजू आलाच. सोनार घरीं आला आणि ताटें, वाट्या, तांबे, समया एकामागून एक पारड्यांत पडूं लागलीं. अगदीं शेवटीं कपाटाच्या कोपऱ्यांतून एक लांबट डबी निघाली. तींत काळेंठिक्कर पडलेलें एक पेन होतें. सोनारानें तें उघडलें, आंतली नळी व निब बाजूस काढली, उरलेलें तोललें, आणि जेमतेम दीड तोळा आंकडा सांगितला. "मोडींत घालायचें तर एवढेच येतील," असें तो म्हणाला. त्याचें कांहीं चुकलें नाहीं. तराजूला जें सांगतां येतें तेंच त्यानें सांगितलें. बंधु म्हणाले, "दादा, पेन तुम्हांला हवें असेल तर घ्या. पण मग तो मोठा तांब्या माझ्याकडे." तांब्या चांगला दणकट होता. आम्हीं पेन घेतलें. आमचें कुटुंब त्या दिवशीं आमच्याशीं कामापुरतेंच बोललें.

त्या पेनाच्या टोपणाच्या कडेवर बारीक अक्षरांत 'स्टर्लिंग' हा शब्द कोरलेला आहे. स्टर्लिंग म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबें. शुद्ध चांदी फार मऊ. तिची वस्तु रोजच्या हाताळण्यानें चेपते व झिजते. थोडें तांबें मिसळलें म्हणजे तिला ताठपणा येतो. इंग्लंडांत १९२० पर्यंत चांदीचीं नाणींही याच कसाचीं पाडीत असत, आणि आज आपल्याकडील हॉलमार्कांतही ९२५ हा एक मान्य कस आहे. आमच्या मराठवाड्याला हें प्रमाण समजावून सांगावयाचें तर रुपयासारखें दुसरें साधन नाहीं. 'रुपया' हा शब्दच संस्कृत 'रूप्य' या शब्दापासून निघालेला. रूप्य म्हणजे रुपें. इंग्रजी मुलखांतील कलदार रुपयांत १९४० पूर्वीं हजारांत सुमारें ९१७ भाग चांदी असे. निजामी अमदानींत नांदेड-लातुराकडे चालणारा जो चारमिनार छापाचा हाली रुपया, त्यांत दुसऱ्या महायुद्धापूर्वीं सुमारें ८१८ भाग चांदी असे, आणि वजनालाही तो थोडा हलकाच. म्हणूनच सहा कलदार म्हणजे सात हाली असा हिशेब जुन्या माणसांच्या तोंडीं बसलेला होता. हाली, कलदार आणि स्टर्लिंग अशी ही कसाची चढती भांजणी आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर, आमच्या पेनाची चांदी आजोबांच्या कमरेच्या कशांतील कोणत्याही रुपयापेक्षां अधिक चोख होती.

आजोबांच्या हातांत मात्र चांदी नव्हती, बोरू होता. ते मोडी लिहीत. बोरू तासतां येणें ही त्या काळीं एक स्वतंत्र विद्याच होती. टोंक किती तिरपें छाटावें, चीर कोठवर द्यावी, यावर अक्षराचें सारें वळण अवलंबून असे. लिहून झालें कीं ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकावयाची आणि कागद झटकावयाचा. नाना शिकले ती शाळा उर्दू माध्यमाची. तेथें उजवीकडून डावीकडे आणि घरीं डावीकडून उजवीकडे असा त्यांच्या हाताचा दुहेरी प्रवास चाले. त्यांच्या वेळीं बोरूच्या जागीं टाक आला होता. टाकाची निब पोलादी व अक्षर बारीक. पण दर दोन-चार शब्दांनीं तो दौतींत बुडवावा लागे, आणि बुडवितांना शेजारच्या मुलाचा धक्का लागला कीं सदऱ्यावर डाग पडे.

ही बुडविण्याची यातायात झरणीनें संपविली. फाउंटन पेनाला मराठींत कोणीतरी 'झरणी' हें नांव दिलें, आणि इतकें समर्पक नांव फार थोड्या परकीय वस्तूंना लाभलें असेल. कारण या यंत्राचें सारें मर्म झरण्यांतच आहे. पेनाच्या पोटांत शाई असते. ती सारी एकदम बाहेर येऊं नये आणि अडूनही राहूं नये, यासाठीं निबेच्या खालीं एक जिभळी बसविलेली असते, आणि तिला केसासारख्या बारीक खांचा पाडलेल्या असतात. त्या खांचांतून शाई आपोआप ओढली जाऊन निबेच्या टोंकाशीं येते, आणि जितकी शाई खालीं उतरते तितकी हवा वर चढून तिची जागा भरते. शाई आणि हवा यांचें हें देणेंघेणें बरोबर साधलें नाहीं, तर पेन एकतर कोरडें पडतें किंवा खिशांत ओकतें. न्यूयॉर्कच्या वॉटरमननें १८८४ सालीं आपल्या पेनाचें पेटंट घेतलें, तें या व्यवस्थेसाठींच. पुढें मुंबईंत दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं शाईचा धंदा सुरू केला. त्यांच्या 'कॅमल' शाईची दौत ठाऊक नाहीं असें शिकलेलें मराठी घर आमच्या लहानपणीं तरी विरळाच. नांदेडकरांना चांगलें पेन घ्यावयाचें किंवा दुरुस्त करून आणावयाचें झालें तर हैदराबादचा फेरा असे. तेथें अबिड्‌समधील डेक्कन पेन स्टोअर्सचें नांव पेन वापरणाऱ्या मंडळींत आजही आदरानें घेतलें जातें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. चांदीच्या पेनालाही निब सोन्याची असते, चांदीची नव्हे. जुनी निळी-काळी शाई लोहयुक्त आणि आंबट गुणाची. ती पोलादाला खाते, सोन्याला मात्र कांहीं करूं शकत नाहीं. सोनें कागदावर घासून झिजूं नये म्हणून त्याच्या टोंकाला इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा कण डागलेला असतो. म्हणजे अंग रुप्याचें, जीभ सोन्याची, आणि जिभेच्या टोंकावर तिसराच एक धातु, असा हा संसार आहे. त्यांतील प्रत्येकानें आपापलें काम करावयाचें. चांदीचें काम हातांत बसण्याचें.

आमचें पेन अमेरिकेंतील पार्कर कंपनीचें. १८८८ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें पाऊणशें वर्षें पुरीं झाल्याच्या निमित्तानें १९६३-६४ च्या सुमारास 'पार्कर ७५' या नांवाचें चांदीचें पेन काढलें. त्याच्या अंगावर बारीक चौकटींची जाळी कोरलेली असते. एका चांदीच्या सिगारेटपेटीवरील नक्षी पाहून ती सुचली असें सांगतात. त्याची निब थोडी फिरवून लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाप्रमाणें बसवितां येते, व त्यासाठीं निबेपाशीं अंशांच्या खुणांचें एक कडें असतें. तेव्हां त्याची किंमत २५ डॉलर होती. १७१५ सालीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळांत बुडालेल्या स्पॅनिश गलबतांतून वर काढलेली चांदी वितळवून याच जातीचीं ४,८२१ पेनें या कंपनीनें १९६५ सालीं केलीं. अडीचशें वर्षें समुद्राच्या तळाशीं निजलेली चांदी पुन्हां जागी झाली ती लेखणी होऊन, ही कल्पना आम्हांस फार आवडते. आमचें पेन त्यांपैकीं नव्हे, तें साधें. पण तेंही एका परीनें बुडालेलेंच होतें.

आमचे धाकटे काका इंजिनिअर होऊन अमेरिकेस गेले होते. १९६९ सालीं ते परत आले तेव्हां त्यांनीं हें पेन वडीलबंधूंच्या पायांशीं ठेवून नमस्कार केला. नानांनीं तें डोळे भरून पाहिलें, डबींत ठेवलें, आणि ते म्हणाले, "कांहीं मोठें काम हातीं घेईन तेव्हां काढीन." त्यानंतर आम्हीं त्यांना त्या पेनानें लिहितांना दोनदांच पाहिलें. एकदां थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या यादीवर सही करितांना, आणि एकदां १९७१ च्या विजयादशमीस. इतर सर्व वेळ ते चार-सहा रुपयांच्या पेनानें लिहीत, वह्या तपाशीत, आणि तें गळूं लागलें कीं त्याला दोरा गुंडाळीत. १९९२ सालीं ते गेले. डबी कपाटांतच राहिली.

विजयादशमीस त्यांनीं काय लिहिलें तें वाटणीच्या दिवशीं कळलें. डबीखालीं एक दोनशें पानी वही होती. पहिल्या पानावर वर 'श्री', त्याखालीं तिथि, आणि मग त्यांच्या घोटीव अक्षरांत मजकूर: लहान मुलांना घोकंपट्टीवांचून संधि कसे शिकवावे, याविषयींच्या पुस्तकाचा आरंभ. दीड पान भरलें होतें. पुढचीं सर्व पानें कोरीं. हें पुस्तक त्यांच्या डोक्यांत सबंध तयार होतें, हें आम्हांस ठाऊक आहे, कारण आम्ही त्यांच्याच पद्धतीनें संधि शिकलों. तें कागदावर कां उतरलें नाहीं? वेळ नव्हता असें म्हणवत नाहीं. पेन चांगलें, वही चांगली, मुहूर्त चांगला. मग त्यांस शोभेल असें वाक्य सुचल्याशिवाय लिहावयाचें कसें, या संकोचानें त्यांचा हात धरला असावा. वस्तु इतकी मोठी मानली गेली कीं तिच्यापुढें काम लहान झालें.

यावर कोणी म्हणेल कीं मग चांदीच्या पेनाचा मोहच वाईट. मोठीं कामें साध्या साधनांनींच होतात, हें खरेंच आहे. लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत 'गीतारहस्य' लिहिलें तें शिसपेन्सिलीनें. शाई त्यांना मिळत नव्हती. तो ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याला लेखणीची उणीव कोठें जाणवत नाहीं. परंतु साधनाविषयींच्या आसक्तीची दुसरीही एक बाजू आहे. १९१५ सालींच मुंबईस काँग्रेसचें अधिवेशन भरलें असतां गांधीजी एक बोटभर लांबीची पेन्सिल व्याकुळ होऊन शोधीत होते, अशी आठवण काकासाहेब कालेलकरांनीं सांगितली आहे. काकासाहेब त्यांना आपली पेन्सिल देऊं लागले, ती त्यांनीं घेतली नाहीं. कारण हरवलेला तुकडा त्यांना मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलानें प्रेमानें दिलेला होता. अखेर तो दोन इंचांहून लहान तुकडा सांपडला तेव्हांच ते स्वस्थ झाले. ज्यानें सर्व कांहीं सोडलें त्याला एक पेन्सिल सोडवेना, ती तिच्या किंमतीमुळें नव्हे, देणाऱ्यामुळें. मात्र ती पेन्सिल त्यांनीं पेटींत पुजून ठेविलेली नव्हती.  आमच्या मतें सारा भेद येथें आहे.

आतां आमच्या पेनाकडे वळूं. घरीं येतांच आम्हीं निब व आंतली नळी कोमट पाण्यांत घालून ठेवली. पहिल्या दिवशीं कांहींच झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाण्यांत निळा धागा सुटला, आणि तिसऱ्या दिवशीं सारी वाटी निळी झाली. ती १९७१ सालीं नानांनीं भरलेली शाई होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वींची, न लिहिलेली. ती वाटी मोरींत ओतावयास आमचा हात धजेना. शेवटीं ती आम्हीं अंगणांतील तुळशीजवळच्या जास्वंदीला घातली.

चांदी काळी कां पडते, हें आमच्या भगिनीवर्गास सांगावयास नको. पण कारण सांगण्यासारखें आहे. हवेंत गंधकाचा अंश असतो. चांदीशीं त्याचा संयोग होऊन वर काळा थर बसतो. रबर, लोंकर, अंड्याचा बलक यांतही गंधक असल्यामुळें त्यांच्या संगतींत चांदी लौकर काळवंडते. म्हणून चांदीच्या वस्तूला रबराचें बंधन कधीं घालूं नये. रोज हाताळली जाणारी चांदी मात्र फारशी काळी पडत नाहीं, कारण हाताच्या घर्षणानें तो थर बसण्यापूर्वींच पुसला जातो. सोनें कपाटांत ठेविलें काय आणि बाहेर ठेविलें काय, सारखेंच. रुपें तसें नाहीं. त्याला माणसाचा हात लागावा लागतो.

पेनाच्या चांदीला चिंच, रांगोळी किंवा राखुंडी लावूं नये, ओरखडे पडतात. जुन्या धोतराचें मऊ फडकें पुरे. आणि जाळीच्या खोलगट रेषांतील काळेपणा मुद्दाम राहूं द्यावा. हें आम्ही शिकलों तें बिदरी कामावरून. लातूर जिल्ह्यांतील उदगीरहून बिदर कांहीं फार दूर नाहीं. तेथील कारागीर जस्त व तांबें यांच्या मिश्रणाचें भांडें ओततात, त्यावर खोदून चांदीची तार व पत्रा ठोकून बसवितात, आणि शेवटीं किल्ल्यांतील जुनी माती नवसागराच्या पाण्यांत कालवून त्या भांड्याला चोळतात. त्या मातीनें जस्ताचें अंग काळेंभोर होतें, चांदी मात्र तशीच राहते, आणि काळ्यावर पांढरी वेलबुट्टी उमटून दिसते. जुन्या काळीं याच कामाचीं कलमदानेंही होत असत. काळें आहे म्हणून पांढरें शोभतें, हें बिदरच्या कारागिराला पूर्वींपासून कळलेलें आहे. आमच्या पेनाच्या फुगीर चौकटी हातानें उजळल्या आहेत, आणि खांचांत नानांच्या कपाटाचा काळोख अद्याप आहे. तो आम्ही काढणार नाहीं.

मग चांदीच्या पेनाचें सुख तें काय? एक, त्याचें वजन. तें हाताला जाणवेल इतकें आहे, थकवील इतकें नाहीं. त्यामुळें अक्षर आपोआप सावकाश पडतें. दुसरें, त्याची ऊब. उष्णता वाहून नेण्यांत चांदीचा हात धरील असा दुसरा धातु नाहीं. पहांटे पेन उचलावें तर तें गार लागतें. चार-सहा ओळी होतात न होतात तों तें आपल्या बोटांइतकें ऊन झालेलें असतें. तिसरें, त्यावर वापराचा ठसा राहतो. बारीक पोंचे, किंचित् गुळगुळीत झालेली कड, हीं सर्व त्याच्या चाकरीचीं वर्षें होत. आणि चौथें व सर्वांत मोठें म्हणजे, तें आपल्याला बांधून घेतें. फेंकून देण्याच्या पेनानें लिहिणारा आज लिहील, उद्यां लिहिणार नाहीं. हें पेन आठ दिवस बंद ठेविलें तर शाई वाळूं लागते, महिनाभर ठेविलें तर तेज उतरूं लागतें. म्हणून आम्हांस रोज कांहींतरी लिहावेंच लागतें.

तें आम्ही लिहीत आहों. नानांच्या त्याच वहींत, त्यांचें दीड पान संपतें तेथून पुढें. आमचें अक्षर त्यांच्यासारखें नाहीं आणि वाक्यही नाहीं. पहिले कांहीं दिवस तो जोड फार डोळ्यांत खुपला. आतां खुपत नाहीं. एकशें साठ पानें झालीं आहेत.

गेल्या दिवाळींत बंधूंची नात लातुराहून आली होती. ती वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करिते. लातूरच्या मुलांचा अभ्यास महाराष्ट्रांत नांवाजलेला. पण त्या परीक्षेंत उत्तर म्हणजे बॉलपेनानें काळा करावयाचा एक गोल. "आजोबा, मी दोन वर्षांत एक पानभर सलग मराठी लिहिलें नाहीं," असें ती म्हणाली. लेखणी परहस्तीं गेली कीं गेलीच, असा धाक आपल्याकडील एका जुन्या सुभाषितानें घालून ठेविलेला आहे, आणि फाउंटन पेनाची निब एकाच हाताला मुरत असल्यामुळें तो अगदींच खोटाही नाहीं. तरीही आम्हीं कडें थोडें फिरवून निब तिच्या हाताला जुळवून दिली आणि पेन तिच्या हातीं ठेविलें. संधिनियमांची चार पानें तिनें आमच्या सांगण्यावरून लिहून काढलीं. पहिलें पान डागाळलें. चौथें स्वच्छ होतें. नानांचें, आमचें आणि तिचें, अशीं तीन हातांचीं अक्षरें आतां त्या वहींत आहेत.

तिला न्यावयास बंधु स्वतः आले होते. त्यांनीं वही उघडून पहिलें पान पाहिलें, मग शेवटचें, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. निघतांना म्हणाले, "दादा, तो तांब्या अजून फडक्यांतच आहे. काळा पडला असेल." आम्हीं सांगितलें कीं रोज पाणी पिण्यास काढा, म्हणजे उजळेल.

ज्यांच्या कपाटांत वाडवडिलांची एखादी चांगली वस्तु चांगल्या प्रसंगाची वाट पाहत पडली असेल, त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं ती आज काढावी. ती चांदीचीच असली पाहिजे असें नाहीं. पेन असेल तर त्यांत शाई भरावी आणि आरंभीं कोणाला तरी एक साधें पत्र लिहावें. मोठें काम त्यामागून आलें तर येईल. न आलें तरी पत्र तर पोंचेल.